लाल कमी आहे

१० फेब्रुवारी
परत तेच! "लाल कमी आहे." एवढं बोलून सूर्यभान सर चहाला गेले. पाच वर्षं पीएचडी करतेय, आणि माझ्या गाइडचं योगदान काय, तर हे एक वाक्य.

होलोग्रामचं यंत्र मात्र गुणाचं. नखाएवढा लिक्विड क्रिस्टलचा पडदा. त्यावर लाल, हिरवा, निळा असे तीन लेझर पाळीपाळीनं पडतात, इतक्या झपाझप की डोळ्याला एकच चित्र दिसतं. पडदा प्रकाश हवा तसा वळवतो आणि समोर हवेत टोमॅटो तरंगतो. पिकलेला, हिरव्या देठाचा. हात घातला तर आरपार! आईला दाखवला तर म्हणाली, "लई भारी. पण भाजीत घालता येतो का?"

एकतीस मार्चला माझी नोंदणी संपते. त्याआधी प्रबंधावर सरांची सही नाही झाली, तर पाच वर्षं पाण्यात.

१४ फेब्रुवारी
प्रकाश मोजायचं मीटर लावून दाखवलं — तिन्ही रंग जिथल्या तिथं. सर म्हणाले, मीटरला काय कळतं, डोळ्याला दिसलं पाहिजे. लाल वाढवला. "अजून." अजून वाढवला. शेजारच्या टेबलावरचा अभय कानाशी पुटपुटला, टोमॅटोला ताप आलाय.

२० फेब्रुवारी
तुलनेला खरा टोमॅटो हवा होता. सर स्वतः क्रांती चौकातून घेऊन आले, मोठ्या रुबाबात — पिकलेलेच निवडून आणलेत म्हणे. पिशवीत सगळे हिरवे, कच्चे! धन्य ते प्राध्यापक. डोक्यात फिजिक्स, बाकी सगळा उजेड. आईनं रात्री चटणी केली. छान झाली होती.

३ मार्च
नाक कापलं गेलं. काम तपासायला विद्यापीठाची समिती आली होती. पुण्याच्या मॅडमनी वाकून पाहिलं आणि विचारलं, हा टोमॅटो आहे की निखारा? लाल एवढा सांडला होता की देठ शोधावा लागत होता.
सर शांतपणे म्हणाले, "रंग सुकेशनीनं लावलेत."
मी! मी लावले! वीस तारखेला समिती परत बघणार. तोवर सही नाही. घरी, पुंडलिकनगरला येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते.

४ मार्च
आज सरांना पकडायचंच ठरवलं. हिरवा बंद, निळा बंद. नुसता लाल, मीटरच्या मापानं. अभय साक्षीला. सरांना विचारणार होते, अजून किती लाल हवाय? टोमॅटो लख्ख दिसत होता.
सर येऊन बसले. वाट बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, सुरू कर की."
सुरूच होता.
अभय हसला नाही. मला त्या कच्च्या टोमॅटोंची पिशवी आठवली. सरांची नजर मीटरवर गेली. आकडा वाचता येतो त्यांना. मग माझ्याकडे पाहिलं.
"लेझर बिघडलाय, सर," मी म्हटलं.
ते उठून गेले.

८ मार्च
सर लॅबकडे फिरकले नाहीत. वाईट वाटतं. पण राग गेलेला नाही. दया आली म्हणून माझं नाव धुऊन निघत नाही!

१२ मार्च
आले. अभय जेवायला गेल्यावर बोलले. देवगाव रंगारीला लहानपणी मेंढरं राखायचे. "बाकीची पोरं पिकली बोरं वेचायची. माझ्या खिशात सगळी कच्ची. लई हसायची." आजही शर्ट बायको काढून देते. मी विचारलं, मग रंगीत होलोग्रामच का घेतला? म्हणाले, "वाटलं, इथं तरी रंग आकड्यात असंल."
आकडाच तर दाखवत होते ना मी! मग माझ्यावर का ढकललं? सर उठले. जाताना एवढंच — कुणाला बोलू नकोस.
नाही बोलणार. पण फार चीड आली.

२० मार्च
लाल मीटरच्या मापावर ठेवला. मॅडम वाकल्या, खूश झाल्या, म्हणाल्या, मुलीनं चूक सुधारली. मी मान खाली घातली. सर उभे राहिले. "चूक तिची नव्हती. मला लाल दिसत नाही. त्या दिवशी मीच वाढवायला लावला."
सरांनी सहीसाठी टेबलावरचा पेन उचलला. लाल होता. मी माझा काळा पुढे केला.