गाडी दिपमालानेच निवडावी

मी छगन सुपडू पाटील, वय वर्षे एकाहत्तर, राहणार अमळनेर, धंदा पूर्वी जीप दुरुस्ती, सध्या काही नाही. आज रविवार, दिनांक १४ सप्टेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. साखरेचा त्रास आहे, पण त्याने बुद्धीला काही झालेले नाही. कोणी धाक दाखवलेला नाही किंवा गोड बोलून लिहून घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी लताबाई बारा वर्षांपूर्वी वारली. मला एकच मुलगा, योगेंद्र. त्याची पत्नी दिपमाला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. त्यांना ईश्वरी, वय सात, आणि कुंदन, वय दीड, अशी दोन मुले आहेत.

कलम पहिले. राहते घर योगेंद्रला द्यावे. मागच्या बाजूचा पाण्याचा पाइप जुना आहे, तो त्याने आधी बदलावा. मी तीन वर्षे म्हणतोय, तो ऐकत नाही.

कलम दुसरे. माझी सर्व हत्यारे, म्हणजे पान्यांचे दोन संच, दोन जॅक, इंजिन उचलायचा चेन ब्लॉक आणि वेल्डिंग मशीन, तसेच माझी हिरवी जीप, ही खाज्या पावरा याला द्यावीत. तो यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहतो आणि रस्त्याकडेला गाड्या दुरुस्त करतो. त्याचा माझा संबंध काय, ते पुढे येईल. एक अट. जीपचे मागचे दोन्ही बाक कापून काढूनच ती त्याच्या ताब्यात द्यावी. तिच्यातून त्याने माल न्यावा, माणसे नेऊ नयेत.

या जीपविषयी लिहायला हवे. गॅरेज बंद केल्यावर मी एक मोडकी जीप घेतली आणि आठ महिने खपून नवीकोरी केली. नातीसाठीच केली. बॉनेटवर रंगाने ‘ईश्वरी’ असे नाव घातले. ईश्वरी तेव्हा दीड वर्षाची होती. दिपमाला जीपमध्ये चढली, समोरासमोरच्या बाकांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “छान केली आबा. पण बेल्ट कुठे लावायचा?”

मी म्हणालो, “बेल्ट कशाला? वरची दांडी धरून बसायचं. या बाकांवर बावीस बावीस माणसं नेली आहेत आम्ही.”

“दीड वर्षाचं बाळ दांडी कसं धरेल?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पण त्या जीपमध्ये तिने मुलीला एकदाही बसू दिले नाही. चाळीस वर्षे या तालुक्यात लोक गाडी घेण्याआधी मला विचारायला येत. घरात मात्र माझी गाडी नाकारली गेली. ते माझ्या मनात राहिले.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, त्यांनी नवी गाडी घ्यायची ठरवली. दिपमालाची ड्युटी खेड्यापाड्यात असे. पावसाळ्यात नाले ओलांडावे लागत, म्हणून उंच आणि चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हवी होती. योगेंद्रला तीन दरवाज्यांची, रुंद टायरांची एक गाडी आवडली होती. दिपमालाने आधी बाळाची सीट विकत घेतली आणि ती सीटच घेऊन ती शोरूममध्ये जाऊ लागली. धुळ्याला एसटीने गेली तेव्हा सीट मांडीवर होती. मी सोबत होतो. मला लाज वाटत होती.

तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, गाडीची ताकद बघा. सीट काय, कुठंही बसते.”

“मग बसवून दाखवा,” ती म्हणाली.

तो अर्धा तास खटपट करत होता. तीन दरवाज्यांच्या गाडीत मागे वाकून शिरायलाच त्याला जमेना. दिपमालाने वहीत लिहून घेतले. जळगावलाही तसेच. मागचे दार किती उघडते, सीट अडकवायच्या लोखंडी कड्या हाताला लागतात का, दोन पिशव्या ठेवल्यावर मागे कोणी बसू शकते का, सगळे वहीत. नाल्यातल्या दगडांना गाडीचे पोट लागेल का, हे तिने मला विचारले. मी नीट उत्तर दिले नाही. म्हणालो, “तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच बघा.” शेवटी तिने निवडलेली गाडी दसऱ्याला घरी आली. गाडी चांगली होती. आज मी ते लिहून देतो, तेव्हा मुद्दाम बोललो नाही.

कलम तिसरे. हे कलम वाचताना दिपमाला समोर असावी.

दिनांक १४ फेब्रुवारी २०२१, रविवार. माझी थोरली बहीण ताईबाई, म्हणजे आमची अक्का, हिला सातपुड्यातल्या मनुदेवीच्या दर्शनाला जायचे होते. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, पाय लांब करूनच बसावे लागे. दिपमालाच्या कोरोनाच्या ड्युट्या सलग चालू होत्या. तिने आदल्या संध्याकाळी गाडीत बाळाची सीट बसवली, दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि सकाळी सहाच्या एसटीने कामावर गेली.

सात वाजता मी ती सीट काढली.

अक्काच्या पायाला जागा हवी होती, हे मी स्वतःला सांगितले. पण अक्काला पुढे बसवून मी मागे बसलो असतो तरी भागले असते. पुढची जागा माझी, असे माझ्या डोक्यात होते. आणि एक दिवस तरी त्या सीटवाचून गाडी जाते हे दाखवायचे होते. अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, “छगन, पोरले तिना जागावर राहू दे. मना पाय मी सांभाळी लिसू.” मी ऐकले नाही. सीट वरच्या ओटीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली नेऊन ठेवली.

योगेंद्र बाहेर आला. “आबा, सीट कुठंय?”

“दिपमालाने धुतलेली दिसते. ओटीवर आहे.” त्याच आठवड्यात तिने सीटचे कव्हर धुतले होते, म्हणून हे मला सुचले.

“राहू द्या मग, उशीर होतोय,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

दर्शन झाले. परत येताना जंगलातल्या नाल्याच्या फरशीवर, म्हणजे बिनकठड्याच्या पुलावर, एक कालवड आडवी आली. योगेंद्रने गाडी वळवली, पुढचे चाक फरशीवरून सुटले आणि गाडी पुरुषभर खाली पडून कलंडली. मी आणि योगेंद्र बेल्टमध्ये होतो. आम्हाला खरचटले. अक्काचा खांदा मोडला. ईश्वरी तिच्या मांडीवरून निसटून समोरच्या सीटच्या लोखंडावर आदळली. पावणेतीन वर्षांची होती.

शेतातून खाज्या आणि त्याची बायको धनीबाई धावत आले. खाज्याने त्याची जीप काढली. धनीबाईने यावलपर्यंत आणि तिथून जळगावपर्यंत पोरीचे डोके दोन्ही तळव्यांत धरून ठेवले, जरासुद्धा हलू दिले नाही. ईश्वरी वाचली ती या दोघांमुळे, असे डॉक्टर म्हणाले. तिला उजव्या कानाने आता ऐकू येत नाही. शाळेत ती पहिल्या बाकावर, बाईंकडे डावा कान करून बसते.

दवाखान्यात दिपमालाने विचारले, “सीट कुठे होती?” योगेंद्र म्हणाला, “तूच धुवायला काढलीस. परत बसवायची विसरलीस.” ती म्हणाली, “मी बसवली होती.” मग माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “ओटीवरच होती बुवा.” हे खोटे नव्हते. पण त्याइतके खोटे मी आयुष्यात दुसरे बोललो नाही. दोन दिवसांनी ती स्वतःच म्हणू लागली, “सलग ड्युट्या होत्या. मीच विसरले असेन.”

तेव्हापासून ती तसेच मानते. तिच्या माहेरचेही तसेच मानतात. घरातून कुठे निघायचे म्हटले की योगेंद्र तिला म्हणतो, “या वेळी विसरू नकोस.” ती “हो” म्हणते. साडेचार वर्षे मी हे ऐकत आलो. माझ्या साखरेच्या गोळ्या तीच काढून देते.

अक्काला सगळे ठाऊक होते. आपल्या मांडीवरून पोर गेली म्हणून ती रडत असे आणि मी आत गेलो की म्हणत असे, “तिनी काय चूक शे? तिले सांगी टाक.” गेल्या वर्षी वैशाखात अक्का गेली. तिने कोणाजवळ तोंड उघडले नाही. भावाला उघडे पाडायचे नाही एवढ्यासाठी.

हे आताच लिहायचे कारण असे. दिपमालाची बदली शिरपूर तालुक्यात, पार डोंगराच्या पायथ्याला झाली आहे. दोन्ही मुले सोबत न्यायची आहेत. जुनी गाडी विकली, तेव्हा पुन्हा तशीच गाडी घ्यायची आहे. योगेंद्रचा जीव परत त्या तीन दरवाज्यांच्या गाडीवर आहे. गेल्या आठवड्यात आम्ही शोरूमला गेलो, तर दिपमाला कुंदनला घेऊन बाहेर उभी राहिली. मी बोलवायला गेलो तर म्हणाली, “तुम्ही दोघं बघा आबा. माझ्यावर नका सोडू.” वही तिने आणलीच नव्हती.

कलम चौथे. धुळे रोडवरची गॅरेजची जागा विकून येईल त्या रकमेतून दिपमालाच्या नावे गाडी घ्यावी. ती कोणती, हे फक्त दिपमालाने ठरवावे. योगेंद्रने मध्ये बोलू नये.

पुढील मजकूर दिनांक ५ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहिला आहे.

वरचे चार कलमांचे लिखाण मी माझे मित्र रुपचंद यांना दाखवले. ते कोर्टात कारकून होते. मला वाटले, ते शब्द दुरुस्त करतील. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “छगनभाऊ, गाडी या दसऱ्याला घेणार ना ते?”

“हो.”

“आणि हे उघडणार तुम्ही गेल्यावर.”

मी कागद घडी करून घरी आणला. त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी दिपमाला ईश्वरीच्या वह्यांना कव्हरे घालत होती. मी समोर बसून तिसरे कलम वाचले. वाचताना दोनदा थांबलो. ती कव्हर घालत राहिली, मग थांबली.

“किती वाजता काढली?” तिने विचारले.

“सात.”

“सैल होती?”

“नाही. घट्ट होती. कडीतून सोडवायला मला जोर लावावा लागला.”

“म्हणजे मी नीट बसवली होती.”

“हो.”

तिने हातातली वही बाजूला ठेवली. मग म्हणाली, “दवाखान्यात इंजेक्शन भरताना मी बाटलीवरचं नाव तीन तीनदा वाचते आबा. सगळ्या जणी हसतात. मला वाटायचं, माझ्या डोक्याचा भरवसा नाही.” मी हात जोडले. ती म्हणाली, “ते नका करू. यांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही.”

संध्याकाळी तिच्यासमोर योगेंद्रला सांगितले. तो म्हणाला, “मी तुम्हाला विचारलं होतं. सीट कुठंय म्हणून विचारलं होतं.”

“विचारलं होतंस.”

“आणि मग ओटीपर्यंत गेलो नाही,” तो म्हणाला. “दहा पायऱ्या होत्या.” तो दिपमालाकडे वळला, पण ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती मुलांना घेऊन माहेरी पाचोऱ्याला गेली. आठ दिवस फोन आला नाही. नवव्या दिवशी योगेंद्र आणायला गेला. आधी तिच्या आईवडिलांसमोर खरे काय ते सांगितले, मगच ती निघाली. दोघांत अजून कामापुरतेच बोलणे आहे. ते कधी सुरळीत होईल हे मला माहीत नाही.

गाडी तिने निवडली. दोन सीटा घेऊन धुळ्याच्या शोरूमला गेली, एक ईश्वरीची मोठी आणि एक कुंदनची, तोंड मागे करून बसवायची. नाल्यांविषयी तिने मला पुन्हा विचारले नाही. ते तिने खाज्याला फोन करून विचारले.

त्यानंतर तिने मला तीन गोष्टी सांगितल्या, त्या तिच्याच शब्दांवरून लिहितो.

एक, गॅरेजच्या जागेचे पैसे गाडीसाठी नकोत. म्हणून कलम चौथे रद्द करतो. ती रक्कम ईश्वरीच्या कानाच्या उपचारासाठी तिच्या नावे ठेवावी, आणि व्यवहार दिपमालाने पाहावा.

दोन, तिसरे कलम खोडू नये, सौम्य करू नये. मुले मोठी झाल्यावर त्यांना वाचायला द्यावे.

तीन. ती म्हणाली, “तुम्हाला दवाखान्यात न्यायचं झालं तर मीच नेईन आबा, कोणत्याही वेळी. गोळ्याही देईन. पण माझी मुलं गाडीत असतील तेव्हा तुम्ही त्या गाडीत बसायचं नाही.”

ही अट मी मान्य केली आहे. मी कितीही म्हातारा झालो, आजारी पडलो किंवा मुलांनी हट्ट धरला, तरी ती मोडण्यासाठी योगेंद्रने, नातेवाइकांनी किंवा मी स्वतः दिपमालाची समजूत घालू नये. ही अट कधी उठवायची की नाही, हे तिने ठरवावे. विचारू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत केली.

ठिकाण : अमळनेर, जिल्हा जळगाव
दिनांक : ५ नोव्हेंबर २०२५

(सही) छगन सुपडू पाटील

साक्षीदार :
१. (सही) रुपचंद दगडू महाजन, निवृत्त कारकून, अमळनेर
२. (सही) जीवराम हिलाल पाटील, शेजारी, अमळनेर