नातीचा जिना

अहो,
पाया पडते. सुखरूप पोचले. आपली नात मला बघून नाचलीच. गोळ्या घेता ना वेळेवर?

इथलं सरकारी विद्यापीठ शिकणाऱ्या मुलांना भेटायला-बसायला मोठं केंद्र बांधतंय. त्याची फी आत्ताच घेतात, आणि ते उघडणार आपली पोरगी शिकून बाहेर पडल्यावर. काय म्हणावं यांना? बांधकामाभोवतीच्या पत्र्याच्या फटीतून ती दाखवते, "आजी, तो जिना माझ्या पैशाचा." मी म्हटलं, चढून तरी बघू. रखवालदार म्हणाला, "आजी, परवानगी नाही."

सुनेला सांगा, सगळं छान आहे. तुम्हाला म्हणून लिहिते, त्या फीपायी पोरगी रोज संध्याकाळी एका दुकानात कामाला उभी असते, पाय सुजतात. आणि त्या केंद्रात म्हणे मुलांना बसायला मऊ खुर्च्या येणार आहेत.

तुमच्या वाटचंही मीच रागावून घेतलंय.
तुमचीच