फळ्यावर जिंकणारी टीम

४ ऑगस्ट १८८४, सोमवार
आमच्या गावची बेसबॉल टीम, वेल्टन रेड्स, दौऱ्यावर. मी तारघरात बसून प्रत्येक इनिंगचा आकडा तारेवर घेते, बाहेरच्या फळ्यावर लिहिते, गाव वाचतं. टीम याच मोसमात लीगमध्ये आली. सव्वीस सामने, चार विजय. आज पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फिंटन गेराटी तापाने झोपून होता. हरलो.
फिंटनशी माझी ओळख नाही. दौऱ्याला निघताना तो माझ्या खिडकीपाशी थांबला होता. चार मिनिटं.

५ ऑगस्ट, दुपारी १.१०
फिंटनच्या आईच्या नावे तार: तो पहाटे वारला. पाठवणाऱ्याचा हात अनोळखी, ठोके कच्चे. पुन्हा मागवली. तोच मजकूर. खात्रीसाठी तिसऱ्यांदा मागवली.

दुपारी ३.००
चाळीस माणसं जमलेली, पुढे मिसेस गेराटी. सामन्याचे आकडे येईनात. रिकामा फळा बरा दिसत नाही, म्हणून पहिल्या इनिंगला शून्य लिहिलं. शून्य लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.
नवव्या, शेवटच्या इनिंगनंतर ३-२ने जिंकलो.

६ ऑगस्ट
तिसरी प्रतही तशीच. वर्तमानपत्रात बातमी: मालकाने टीम बंद केली. वर्तमानपत्रात चुका असतात. तार उद्या सकाळी नक्की देणार.
५-१. फिंटनने चेंडू चांगले टाकले.

९ ऑगस्ट
दहाच्या गाडीने आठ खेळाडू उतरले. फिंटन त्यांत नव्हता. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.
तीन वाजता फळ्यासमोर एकच माणूस: मिसेस गेराटी. बाकीचे उन्हामुळे आले नसावेत. सोमवारी तार देणार.

११ ऑगस्ट
स्टेशनमास्तर ऑपडाइक म्हणाले, "मिस टटल, जिवंत होती तेव्हा चार सामने जिंकली. मेल्यावर रोज जिंकते की तुमची टीम."
आकडे सरासरीवरून काढते, असं सांगितलं. हरणाऱ्यांची सरासरी जिंकते कशी, असं त्यांनी विचारलं. सुधारणा धरली आहे, म्हटलं.
आज फळ्याकडे पाठ करून बसले होते. तरीही आकडे सांगणारे ठोके ऐकू आले. तार तपासली, दोष नाही.

१३ ऑगस्ट
सातव्या इनिंगला मिसेस गेराटी खिडकीशी आल्या. त्यांच्या हातात फिंटनची रेड्सची टोपी. टीमच्या कॅचरने शनिवारीच आणून दिली, सगळं सांगितलं, म्हणाल्या. मग तुम्ही रोज का येत होतात, असं मी विचारलं.
"तू त्याला खेळवत होतीस ना, पोरी. म्हणून." मग म्हणाल्या, "रोज नऊ-नऊ इनिंग टाकतोय. दमला असेल. आता बसू दे त्याला."
फळा पुसला. तार दिली, सही घेतली. वेळ ४.२०. उशीर आठ दिवस. कारणाच्या रकान्यात 'यंत्रात बिघाड' लिहिलं.
यंत्र उत्तम चालू आहे.