नारळ आधी पडला

२ फेब्रुवारी, सोमवार

डस्टर आणि खडू एकाच उंचीवरून सोडले तर आधी काय पडेल? चौथी 'ब'चे अडतीस हात वर – डस्टर! सोडले. टप्प! दोन्ही एकदम. मग असा गोंधळ, की शेजारच्या वर्गातून विचारणा झाली – "तुमच्या वर्गावर कोणी नाही का?" आहे ना! शिक्षिका आहे आणि शिकवतेय. या शाळेत दोन्ही गोष्टी एकाच वेळी क्वचित घडतात, म्हणून ओळखू आलं नसावं.

दीक्षाने बाकावर उभं राहून सोळा वेळा डस्टर-खडू सोडले. "मॅडम, अजून एकदा. चुकून होत असेल." हे वाक्य बी.एड.च्या दोन वर्षांत एकाही प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

मुख्याध्यापक श्रीनिवास सरांचं बोलावणं. "हे पुस्तकात आहे का?"

नाही सर, जमिनीवर आहे.

– असं म्हणाले नाही. प्रोबेशन मार्चमध्ये संपतंय. तोवर सगळे विनोद मनात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

परवा विज्ञान प्रयोगशाळेचं उद्घाटन. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब टेबल, सांगाड्याचा तक्ता आणि स्मार्ट बोर्ड. बोर्डावरचं प्लास्टिक काढायचं नाही, अशी ताकीद. दाराला लिंबू-मिरची. विज्ञानाला नजर लागू नये म्हणून!

जिन्यात संस्थापक तात्याराव भेटले. धायरीत यांची शेती होती, तिथे यांनीच बांधलेल्या इमारती उगवल्या, त्यातलीच एक आमची शाळा. स्वतः चौथी नापास – हे ते भाषणात अभिमानाने सांगतात आणि आम्ही पदवीधर टाळ्या वाजवतो. नातू राजस माझ्या वर्गात. त्याने घरी जाऊन डस्टरची कथा लावली असणार.

"मॅडम, जड आन् हलकं एकदमच पडतं म्हनं?"

"हो साहेब."

"आसं कसं हुईल?"

"होतं साहेब."

"मग करूनच बघू की शनवारी. समद्यांम्होरं!"

हसत हसत वर गेले. बिल्डरची धमकी इतकी गोड असते, हे माहीत नव्हतं. कायम करण्याच्या पत्रावर सही यांचीच लागते!

७ फेब्रुवारी, शनिवार

झालं ते असं.

पूजा आटोपली. पालक मंडपात. तात्याराव पूजेतला एक नारळ आणि एक लिंबू घेऊन तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. खाली अंगण मोकळं केलेलं, मुलं दोरीमागे. फेटा बांधलेला माणूस दोन्ही हात कठड्याबाहेर काढून उभा – एका हातात नारळ, एका हातात लिंबू. एखाद्याला वाटेल, बाधा उतरवतायत.

सोडले.

एकदम पडले. अगदी एकदम! नारळ फुटला, लिंबू उसळून दोरीकडे गेलं. आवाज एकच. इतका स्वच्छ प्रयोग मला कॉलेजातही जमला नव्हता.

आणि श्रीनिवास सर माइकवरून ओरडले – "नारळ! नारळ आधी!" स्टाफच्या टाळ्या. पालकांच्याही, कारण स्टाफ वाजवतोय.

"नाही, एकदमच पडले!" दोरीमागून दीक्षा. मंडपातून धावत येऊन तिच्या आईने तिला खाली दाबलं.

तात्याराव वरून वाकले. "विजयमाला मॅडम, तुम्ही सांगा. काय आदी पडलं?"

मंडप माझ्याकडे बघतोय. दीक्षाही.

"नारळ, साहेब."

बी.एस्सी., बी.एड. फर्स्ट क्लास.

८ फेब्रुवारी

रविवार. कपाट आवरलं. आवरलेलं पुन्हा आवरलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात कोणीच काही विचारलं नाही. हेच वाईट. मधल्या सुट्टीत दीक्षा आली, हळूच म्हणाली, "मॅडम, तेव्हा तुमचं लक्ष दुसरीकडे होतं का?"

बिचारी मला सबब देत होती! मी ती घेतली. म्हटलं, "हो."

श्रीनिवास सरांकडून कौतुक – "समंजस आहात. अशी माणसं टिकतात." भिंतीही टिकतात, सर.

१६ फेब्रुवारी, सोमवार

घटक चाचणी. प्रश्न चौथा मीच काढला होता, उद्घाटनाच्या आधी – 'जड व हलकी वस्तू एकाच उंचीवरून सोडल्यास काय होईल? कारण लिहा.' बदलायचा राहिला. खरं तर धीर झाला नाही. बदलायचा म्हणजे खोटेपणा पुन्हा एकदा, तोही छापील!

१८ फेब्रुवारी, बुधवार

पेपर तपासतेय. अडतीसपैकी सदतीस जणांनी लिहिलंय, जड वस्तू आधी पडेल. कारण – ती जड असते. राजसने शेजारी नारळही काढलाय. शेंडीसकट.

दीक्षाचा पेपर शेवटी घेतला. 'दोन्ही एकदम पडतील' असं लिहून खोडलंय. इतकं खोडलंय की कागद फाटलाय. खाली – 'जड वस्तू आधी पडेल. कारण मॅडम म्हणाल्या.'

लाल पेनाला टोपण लावलं. एकही शब्द विनोदी सुचेना.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. आईला सांगितलं सगळं. ती म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी बघू. पण आधी त्या पोरीला सांगून टाक." सोपं करून सांगायला बी.एड. लागत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पहिल्याच तासाला वर्गात सांगितलं – दोन्ही एकदम पडले होते, मी बघितलं होतं, मी घाबरून खोटं बोलले. मग दीक्षाचा पेपर घेऊन थेट तात्यारावांच्या केबिनमध्ये. तेच सांगितलं. काय ऐकावं लागेल ते ऐकायच्या तयारीने उभी राहिले.

त्यांनी पेपर दोनदा वाचला. चष्मा काढला.

"मॅडम, वरनं मला बी एकदमच पडल्यावानी दिसलं हुतं. पर तुम्ही शिकलेल्या. तुम्ही नारळ म्हनलात, तवा वाटलं, आपलंच डोळं चुकलं असतील. म्हनून तर तुमाला इचारलं हुतं."