बारावा सोजर

२८ नोव्हें.
येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी पेंढा काढला आणि लहानपणीचा तो नाताळ आठवला. मागच्या पडवीत पप्पा लोखंडी पळीत जाळ्याची शिशाची वजनं वितळवत होते. मी आणि धाकटा भाऊ इनास टक लावून. "हंय उभी रवा नको. गोठ्याक पेंढो हाडा, जावा!" आम्ही परत आलो तर पप्पांचा अंगठा भाजलेला, माय खोबरेल लावत बडबडतेय.
बास, एवढंच.

३० नोव्हें.
गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत. त्याआधी सोजर मार्गी लावायचे. आजोबांनी बोटीवरून आणलेले बारा शिपाई, खेळण्यातले, शिशाचे. आमच्या गोठ्यात मेंढपाळांच्या मागे बंदुका घेऊन उभे राहायचे. का, ते कुणी विचारलं नाही.
त्यातला एक लहानपणी इ.च्या हातून समुद्रात गेला होता. खूप रडला. नाताळला तो परत जागेवर. पप्पा म्हणाले, "गावलो रे तुझो सोजर." इ.ने तळहातावर तोलला. "ह्यो माझो नाय. जड आसा." आम्ही सगळे हसलो.
घराच्या वाटपात त्याने तोच एक मागितला. "बाय, माका फक्त तो जड सोजर दी." मला वाटलं, लबाड, सगळ्यात भारी तेवढा बरोबर उचलतोय. दिला नाही. अकरा वर्षं अबोला. राहतो शिरोड्याला, काही लंडनला नाही.
आता किंमत काढून निम्मे निम्मे करावे.

३ डिसें.
कुडाळच्या दे. सरांना रविवारी दाखवायचे. निवृत्त शिक्षक, जुनी नाणी-खेळणी पारखतात. न्यायचे तर स्वच्छ न्यावेत म्हणून सणाच्या पितळेसारखे चिंच-राखेने घासायला बसले. सगळ्यात चांगला आधी, म्हणजे जड. लाल डगला सालीसारखा निघून आला. खाली काळपट शिसं. घाबरून हात आवरला. बाकीचे तसेच.
कॉन्व्हेंटात स्वच्छता शिकवली. थांबायचं कधी, ते राहिलं.

७ डिसें.
सरांनी कपाळाला हात लावला. "बाई, घासायचं होतं तर भांडी घासायची! ह्यांचा रंग हीच ह्यांची किंमत."
मग एकेक उलटा करून पाहिला. अकरा पोकळ, हलके. डोक्यात टाचणीएवढं भोक, ओतताना हवा जायला. परदेशी, जुने, रंग मूळचा. किंमत कागदावर लिहून दिली. चांगली आहे.
बारावा हातात घेऊन तोलला. अखंड भरीव. शेजारच्याला चिकटवून उभा केला: तीच ऐट, तीच बंदूक, पण केसभर बुटका. "मातीत ह्या भावाचा ठसा घेऊन ओतलाय. शिसं थंड होताना आक्रसतं. आणि तुम्ही काढलात तो रंग होडीचा." पाठीवर वाळूचे कण अजून रुतलेले. "बाजारात ह्याला काही येणार नाही. कुणी केला?"
तो अंगठा डोळ्यांसमोर. आम्हाला पेंढ्याला पिटाळलं ते…
एस.टी.त मांडीवर डबा धरून आले. इ. तेव्हा सहा वर्षांचा, त्याला कळलं होतं. मला सदुसष्टाव्या वर्षी.

१२ डिसें.
धीर करून फोन लावला. लीनाने, इ.च्या मुलीने उचलला. म्हटलं, तुझ्या पप्पाला सांग, तो सोजर खरंच त्याचा नव्हता, आमच्या पप्पांनी केलेला होता, मला आत्ता कळलं. चुकले. आणि रंगही घालवून बसले.
मागून इ.चा आवाज. "इचार तिका, डावीकडे कलता काय अजून?"
मी लीनाला म्हटलं, कलता, म्हण.
मग लीना हळूच, "आंटी, पप्पा उठून मागे गेलेत. होडीच्या रंगाचे डबे हलवल्याचा आवाज येतोय." हसली पोरगी. येणार का, विचारायचं राहिलं.

१८ डिसें.
गोठा झाला. तारा टांगायचा बाकी.
ऑपरेशनचं काही सांगता येत नाही, डॉक्टर हसले तरी. म्हणून लिहून ठेवते. अकरा सोजर लीनाला, सरांच्या कागदासकट. विको, ठेवो, तिची मर्जी. धुवायचे मात्र नाहीत. बारावा इनासला, त्याच्याच हातात, कुणाबरोबर पाठवायचा नाही. पप्पांची पळी चुलीजवळच्या खुंटीला आहे, तीही त्यालाच.
अकरा मी उभे केले. बाराव्याची जागा मोकळी ठेवली आहे. तो इ.ने येऊन ठेवायचा.