उत्तर बुरुजाची किल्ली

९ ऑक्टोबर १९२१, रविवार

तांगी आज स्वतः बुरुजातल्या वरच्या खोलीची किल्ली घासत बसला होता! राखेने. शनिवारी नोटरी येणार. सूप झालं की किल्ली माझ्या ताटाशी ठेवायची, सगळ्यांनी पेले उंचावायचे, मग सही. "ताई, बुरुजातल्या खोलीला निळे पडदे लावू का?" पडद्यांचं विचारतो. सही करशील का, हे धाकट्या भावाच्या तोंडून काही निघत नाही.

बाबा जूनमध्ये गेले. कायद्याने त्यांचा निम्मा वाटा माझा. पण आमच्या केर्व्हेलेन घराण्यातल्या मुली वाटा घेत नाहीत. दर पिढीत एकजण बिनलग्नाची राहते, आपला हिस्सा भावाला लिहून देते आणि बदल्यात उत्तर बुरुजातली एक खोली घेऊन गढी सांभाळते. गढी अखंड राहिली ती अशी.

१० ऑक्टोबर

ब्रेस्टच्या इस्पितळाने परिचारिकेचं काम देऊ केलंय, त्यांना अजून काहीच कळवलं नाही. वारा थांबत नाही. मीही.

१२ ऑक्टोबर

सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या. अंगण, प्रार्थनाघर, तबेला, परत अंगण. स्वयंपाकीण कोरांतीन घावनं घालत होती, वैतागली. "सिदोनीताई, एक तर बसा नाही तर बाहेर जा. माझं पीठ डुचमळतंय."

बाबा पाहुण्यांना एक गोष्ट हमखास सांगायचे. फ्रेंच राज्यक्रांतीत गावकरी मशाली घेऊन आले, छप्पर जाळलं, पण उत्तर बुरूज सोडला. कारण तेव्हाची आत्या आत बसून राहिली, हलेचना. गढी वाचली ती तिच्यामुळे. ऐकताना छाती फुगायची. लहानपणी एकदा विचारलं, तिचं नाव काय? बाबांना आठवेना. प्रार्थनाघरात सगळ्या पुरुषांची नावं दगडात कोरलीत, अगदी समुद्रात बुडाला त्याचंसुद्धा. आज परत एकदा भिंतीवरून हात फिरवून आले. एकाही आत्याचं नाव नाही.

बुरुजात खालच्या खोलीत सध्या अलिएत आत्या आहे, बाबांची बहीण. बाविसाव्या वर्षी तिला किल्ली मिळाली. आता केस पांढरेफेक. जवळच्या मोर्ले गावाच्या पलीकडे कधी गेली नाही. तरी दर शनिवारी चालायचे बूट काढते, चरबी लावून मऊ करते. "कुठे निघालीस, आत्या?" "कुठे नाही गं. चामडं कडक होतं."

वरची खोली माझी व्हायची आहे. तिथून तिचं खोकणं ऐकू येईल. मग एक दिवस माझं.

१३ ऑक्टोबर

तांगीशी भांडले. सांगून टाकलं — युद्धात मी जखमा बांधल्या, मला ते काम येतं, मला ब्रेस्टला जायचंय. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जा ना. ओदीलचे वडील म्हणालेत, गढी एकट्या माझ्या नावावर असेल तरच आमचं लग्न. तू वाटा घे, मग गढी विकू. एखादा डबेबंद माशांचा कारखानदार घेईल. तुला बरं वाटेल."

मेला! शेवटचं वाक्य कशाला बोलायचं? रडायला येतं, आणि त्याचीच कीवही येते.

१५ ऑक्टोबर, शनिवार

सूप झालं. किल्ली ताटाशी आली. पेले वर गेले. माझा हात टाकाकडे निघाला होता — इथे खोटं कशाला लिहू? मी सही करणारच होते.

नोटरी नवा, तरुण. कागद पुढे सरकवता सरकवता त्याने सहज विचारलं, "आणि या बाईंची सही कुठल्या साली झाली?"

"आत्याची?" तांगी हसला. "आजोबा गेले तेव्हाच."

"नाही झाली," आत्या म्हणाली. पावाला लोणी लावत होती. "मला किल्ली दिली, पेले झाले आणि कुत्र्यांनी रानडुकराचा माग काढला. पुरुष मंडळी तशीच उठून पळाली. परत आल्यावर डुकराचंच कौतुक. किल्ली दिली म्हणजे झालंच, असं सगळ्यांनी धरलं."

नोटरीने टाक खाली ठेवला. आजोबांची मुलं दोनच, बाबा आणि आत्या. म्हणजे अर्धी गढी तिची! टेबलाच्या टोकाला, दाराच्या गार झोतात बसते तिची.

नंतर बुरुजात गेले. "तुला माहीत होतं?"

"रोज."

"मग गेली का नाहीस? बोलली का नाहीस?" मी ओरडलेच तिच्यावर.

"वाटायचं, कुणीतरी विचारेल. रीतसर, माणसाला विचारतात तसं. आज विचारतील, उद्या विचारतील." तिने बुटांची नाडी ओढून पाहिली. "विचारल्याशिवाय उत्तर कसं देणार, पोरी?"

१६ ऑक्टोबर

न्याहारीच्या वेळी तांगी आत्यापुढे उभा राहिला. टोपी हातात. नीट, अदबीने विचारलं — आत्या, तुझा वाटा मला लिहून देशील का?

आत्याने सगळं ऐकून घेतलं. तोंड पुसलं. "नाही," म्हणाली, आणि आपली किल्ली त्याच्या ताटाशी ठेवली.

मी दोन बॅगा भरतेय. आत्याने बूट आधीच घातलेत.