पेन्सिलीची टिंबं

चँडलर, अमेरिका, ८ मार्च २००६, संध्याकाळ

लायब्ररीचं डच पुस्तक उद्या परत द्यायचंय. दुसऱ्या कोणीतरी मागितलंय, आता रिन्यू होत नाही.

ह्यांची कंपनी आम्हाला दोन वर्षं हॉलंडला पाठवणार होती, म्हणून दोघं शिकत होतो. लांबलचक जोडशब्द आला की हे पेन्सिलीनं त्याचे तुकडे पाडायचे. स्लाप-का-मर, म्हणजे झोपायची खोली. जोर द्यायचा त्या तुकड्यावर टिंब. "जोर पहिल्यावर गं! तू सगळ्या तुकड्यांना सारखाच वाढतेस," म्हणून हसायचे. जानेवारीत हे गेले. टिंबं राहिली.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, लॉस्ट झालं म्हणून सांग ना. सिंपल!" खोटं बोलू? आणि खुणांसकट तरी कसं द्यायचं? ह्यांनी तसं कधीच दिलं नसतं.

खोडरबर घेऊन बसले. एकेक शब्द मोठ्यानं म्हटला, टिंबावर जोर दिला, मग टिंब पुसलं. स्लाप-का-मर तीनदा म्हटला.

हे गेले तेव्हा नणंद माझं कुंकू पुसायला आली, तर मी तिचा हात धरला होता. आज कोणी आलं नव्हतं. मीच पुसत बसले.